भुईकोटाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

९ ऑगस्ट जवळ आला की अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याची आपल्याला आठवण होते आणि १० ऑगस्टला ती पुन्हा वर्षभरासाठी बासनात बांधून ठेवली जाते. दोन हार, एक भाषण, वर्तमानपत्रात एक छायाचित्र. सत्ताधाऱ्यांनी असे करावे यात नवल नाही. त्यांना इतिहास हवा असतो तो सोहळ्यापुरता. परंतु स्वतःला ऑगस्ट क्रांतीचे वारस म्हणवून घेणाऱ्या आपल्या पक्षानेही त्याहून अधिक काही केलेले नाही, आणि या लेखाचा रोख मुख्यतः आपल्यावरच आहे.

गेल्या पावसाळ्यात पुष्कळ वर्षांनी त्या किल्ल्यात गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत एका शाळेची सहल आली होती. शिक्षक मुलांना सांगत होते की येथे पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. एका मुलीने विचारले, "ते इथे एकटेच होते का?" शिक्षकांनी सरदार पटेल आणि मौलाना आझाद अशी दोन नावे सांगितली, आणि मग सहल पुढे गेली. त्या शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या पक्षाच्या एखाद्या शिबिरात हाच प्रश्न विचारला तर किती हात वर होतील, याची मला खात्री नाही.

म्हणून ती नावे येथे लिहितो. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, गोविंदवल्लभ पंत, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब, सय्यद महमूद आणि आचार्य नरेंद्र देव. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक करून या बारा जणांना आगगाडीने नगरला आणले गेले. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. शेवटचे नाव आपले. १९३४ च्या मे महिन्यात पाटण्यास भरलेल्या समाजवाद्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविणारे आचार्य दम्याने जर्जर होते आणि त्या अवस्थेत या किल्ल्यात वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'चे हिंदी भाषांतर करीत बसले होते. बौद्ध तत्त्वज्ञानाचा पंडित आणि मार्क्सचा अभ्यासक एकाच देहात कसा नांदतो, हे ज्यांना आज कोडे वाटते त्यांनी त्या खोल्यांपुढे थोडा वेळ उभे राहावे. तेथेच मौलाना आझादांनी 'गुबारे खातिर'मधील पत्रे लिहिली, जी पाठविण्याची सोयच नव्हती. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. मौलाना नगरच्या किल्ल्यातच होते. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती आणि त्याच्या बातम्या या बारा जणांपर्यंत वर्तमानपत्रांतून पोहोचत होत्या. नेहरूंच्या ग्रंथात त्या दुष्काळाचा जो संताप उतरला आहे तो या भिंतींआडचा आहे.

आणि त्याच वेळी भिंतींबाहेर काय चालले होते? अच्युतराव पटवर्धन हे नगरचेच सुपुत्र. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. ते त्या काळात भूमिगत होते, पोलीस त्यांच्या मागावर होते, आणि सातारच्या पत्री सरकारपर्यंत त्यांचे धागे पोहोचले होते. म्हणजे पक्षाचा एक आचार्य नगरच्या किल्ल्यात कैद आणि नगरचाच एक समाजवादी वेष पालटून देशभर हिंडतो आहे, असे ते विलक्षण दृश्य होते. समाजवादी चळवळीची बुद्धी आणि तिचे साहस यांची अशी जोडी दुसऱ्या कोणत्या गावाच्या वाट्याला आली? तरीही हा किल्ला आमच्या राजकीय शिक्षणात कोठेच नाही. आम्ही तो नेहरूंना देऊन टाकला, नेहरूवाद्यांनी तो सरकारला, आणि सरकारने तो कायम लष्कराकडेच राहू दिला.

किल्ल्याचा इतिहास अर्थातच १९४२ पासून सुरू होत नाही. अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र राज्य स्थापले आणि १४९४ मध्ये हे शहर वसविले. परंपरा सांगते की त्याचे घराणे मूळचे पाथरीच्या एका ब्राह्मण कुळकर्ण्याचे. किल्ल्याचा दगडी कोट हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधला. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने याच तटावरून मोगलांच्या शहजादा मुरादला अडविले. १६०० मध्ये तिचा तिच्याच माणसांनी घात केला आणि किल्ला पडला. पुढे निजामशाहीचा डोलारा ज्याने सावरून धरला तो मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता आणि त्याने घालून दिलेली जमीनमहसुलाची पद्धत दख्खनच्या शेतसाऱ्याच्या इतिहासात ओलांडून जाता येत नाही. मालोजी आणि शहाजी भोसले यांची कारकीर्द याच दरबारात घडली. शहाजीराजांचे नाव शहाशरीफ पिरावरून ठेवले गेले अशी कथा आहे; त्या पिराचा दर्गा नगरमध्ये आहे.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की अलीकडे नगरच्या इतिहासाची वाटणी सुरू झाली आहे. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्याचा निर्णय घेतला. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा, १७२५ चा. त्यांच्याविषयी आदर नसलेला माणूस या महाराष्ट्रात सापडणे कठीण, कारण त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि त्या वापरणाऱ्यांची जात विचारण्यात आपले राज्य खर्ची घातले नाही. आक्षेप त्यांच्या नावाला नाही. आक्षेप आहे तो एका थोर स्त्रीचे नाव दुसऱ्यांच्या इतिहासावर चुना फासण्यासाठी वापरण्याला. निजामशाही परकी ठरविली की शहाजीराजे कोणाचे नोकर होते हा प्रश्न अवघड होतो, आणि तो अवघड झाला की पाठ्यपुस्तकातील पाने गळू लागतात.

आता इंग्रजांकडे येऊ. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरची पेठ घेतली आणि १२ ऑगस्टला शिंद्यांच्या ताब्यातील हा किल्ला त्याच्या हाती आला. पुढच्याच महिन्यात असईची लढाई झाली. मधल्या काळात किल्ला पेशव्यांकडे गेला आणि १८१७ च्या पुणे तहाने तो कायमचा कंपनीकडे आला. भिंगारच्या बाजूला छावणी पडली ती त्यानंतर. ज्या चिंचेखाली वेलस्लीने न्याहारी केली असे सांगतात ते झाडसुद्धा साहेबांनी तोफा रोवून स्मारक करून ठेवले. न्याहारीचेही स्मारक होते, ही साम्राज्याची मिजास!

परंतु छावणी म्हणजे बंगले, चर्च, परेडचे मैदान आणि चिंचेचे झाड एवढेच नव्हे. छावणी हा प्रथमतः जमाखर्चाचा प्रश्न आहे. या सैन्याचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून होत असे आणि हिंदुस्थानचा महसूल म्हणजे प्रामुख्याने शेतकऱ्याचा सारा. १८६७-६८ मध्ये अॅबिसिनियात हिंदी सैन्य पाठविले, त्याचाही काही भार आपल्याच तिजोरीवर पडला. दादाभाईंनी ज्या निःसारणाचा हिशेब मांडला आणि गोखल्यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे ज्याची उलटतपासणी दिली, त्यात लष्करी खर्चाचा वाटा मोठा होता. नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर १८७५ मध्ये पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागातील कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या तेव्हा बंदोबस्तासाठी फौज आली. लगेच पुढे १८७६-७८ चा दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य पुरते असे ठरविले. दुष्काळनिवारणाचा निधी उभारण्यासाठी नवे कर बसले, आणि अफगाण युद्धाचा खर्च अंगावर येताच त्या निधीची तरतूद स्थगित झाली. दुष्काळग्रस्तांच्या नावाने गोळा केलेला पैसा काबूलच्या वाटेवर खर्च झाला. छावणीच्या देखण्या दगडी इमारतींकडे पाहताना हा हिशेब डोळ्यांपुढून हलत नाही. एखाद्यास हे अर्थशास्त्र्याचे खूळ वाटेल, वाटो.

त्या इमारतींतून आणखी एक माणसांची रांग गेली आहे जिची कोणी आठवण काढीत नाही. बोअर युद्धातील कैदी १९०१-०२ मध्ये येथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना नगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. त्यांत सैनिक नसलेले व्यापारी आणि मिशनरीही होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पुन्हा तेच झाले. म्हणजे १९४२ च्या बारा जणांना किल्ल्यात डांबण्याची कल्पना काही अचानक सुचलेली नव्हती. खटला न चालवता माणसे कोंडून ठेवण्याचे हे चांगले तयार झालेले यंत्र होते. ते यंत्र १९४७ नंतर मोडले का, याचे उत्तर १९७५ ते १९७७ या काळात तुरुंगात असलेल्या आपल्या ज्येष्ठ सोबत्यांनी दिलेले आहे, आणि आजही खटल्याविना वर्षानुवर्षे आत असलेली माणसे ते देत आहेत.

याच जिल्ह्याच्या पोलिसात चाकरी केलेला भागोजी नाईक १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याच्या परिसरात भिल्लांना घेऊन उठला आणि १८५९ मध्ये लढताना पडला. वेलस्लीच्या न्याहारीला स्मारक. भागोजीला लोकांच्या बोलण्यातील ओझरता उल्लेख. ही तफावत इंग्रजांनी निर्माण केली हे खरे, पण ती पाऊणशे वर्षे तशीच कोणी ठेवली?

सरकारचे म्हणणे असे की आम्ही आता गुलामीच्या खुणा पुसतो आहोत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमचे 'विजय दुर्ग' झाले, तेथील किचनर हाऊसचे 'माणेकशॉ हाऊस' झाले. जरूर करा. किचनरविषयी अश्रू ढाळायला आम्ही बसलेलो नाही. पण गुलामीची खरी खूण पाटीवर नसते, ती सातबाऱ्यावर असते. कंपनी सरकारने १८३६ मध्ये बंगालच्या छावण्यांसाठी काढलेल्या आदेशातून 'ओल्ड ग्रँट' नावाची पद्धत रूढ झाली. तिचे सार एवढेच: घर तुमचे, जमीन सरकारची, सरकारच्या मनात आले की महिन्याभराची नोटीस देऊन बांधकामाची किंमत हातावर ठेवून जागा परत घेता येते. मुंबई इलाख्यातील छावण्यांनाही याच धर्तीचे नियम लागू झाले. १९२४ चा छावणी कायदा आला, तो जाऊन २००६ चा आला, नावे बदलली, बोधचिन्हे बदलली. ओल्ड ग्रँट मात्र जिवंत राहिली. महाराणीच्या सैन्याला दूध, भाजी, चामडे आणि धोबी पुरविण्यासाठी ज्यांच्या पूर्वजांना छावणीच्या बाजारात वसविले गेले, त्यांच्या पणतवंडांना घराची माळवद दुरुस्त करायची तरी परवानगी मागावी लागते. पाटी बदलली, पट्टा बदलला नाही.

भिंगारचा माणूस हे मला आणि तुम्हाला समजावून सांगू शकेल. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, औरंगाबाद, कामठी आणि नगर अशा सात छावण्या. छावणी परिषदेचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, निम्मे सदस्य पदसिद्ध वा नेमलेले, निम्मे निवडून आलेले. ही निम्मी लोकशाहीसुद्धा फेब्रुवारी २०२१ मध्ये मुदत संपल्यावर गुंडाळली गेली. ३० एप्रिल २०२३ ला निवडणुका होतील असे जाहीर झाले आणि मार्चमध्येच ती घोषणा मागे घेण्यात आली. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने छावण्यांचे जकातीसारखे हक्काचे उत्पन्न गेले. राज्यांना भरपाई मिळाली, यांना मिळाली नाही. संरक्षण खात्याच्या मिळकतींवर मालमत्ता कर नाही, त्याऐवजी सेवाशुल्क, आणि ते थकत राहते. मग गटारे तुंबली, शाळा गळू लागली, की दोष भिंगारच्या रहिवाशाचा!

आता केंद्राचे धोरण असे की छावण्यांतील नागरी वस्ती वेगळी काढून शेजारच्या नगरपालिकेत घालावी आणि उरलेला भाग निव्वळ लष्करी तळ म्हणून ठेवावा. हिमाचलमधील योल येथे एप्रिल २०२३ मध्ये याची सुरुवात झाली. तत्त्वतः या धोरणाला विरोध करण्याचे कारण नाही. नागरिकाला नागरी शासन मिळालेच पाहिजे. परंतु तपशील पाहा. रस्ते, नळ, दवाखाने पालिकेला फुकट मिळतील, पण जमिनीची मूळ मालकी जेथे केंद्राची आहे तेथे ती केंद्राकडेच राहील. म्हणजे भिंगारचा रहिवासी मतदार पालिकेचा होईल आणि कूळ दिल्लीचे राहील. आणि ऐतिहासिक वास्तूंचे काय? किल्ला, फराहबागेचा सोळाव्या शतकातील महाल, जुनी बराकी, कबरस्ताने यांविषयी या धोरणात नागरिकांना बोलण्याची जागा कोठे आहे? नकाशावर रेघ मारणारा अधिकारी ती त्यांच्या अलीकडून मारणार की पलीकडून, याचा निर्णय बंद खोलीत होईल, आणि आपल्याला तो राजपत्रात वाचायला मिळेल.

येथे दोन प्रतिवाद ऐकू येतात. पहिला सुरक्षेचा. नगर हे चिलखती दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेव्हा किल्ला लष्कराकडेच हवा, असे सांगितले जाते. रणगाड्यांच्या शाळेला सोळाव्या शतकातील खंदकाची कोणती गरज आहे, हे कोणी समजावून द्यावे. ज्या लष्कराने १९९४ मध्ये फराहबागेच्या परिसरात रणगाड्यांचे संग्रहालय उभे केले आणि ते तिकीट लावून लोकांना खुले केले, त्याला लोकांच्या येण्याजाण्याची भीती नाही हे उघड आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हा किल्ला लष्कराकडे होता म्हणूनच तो टिकला. नगरपालिकेकडे असता तर खंदकात गाळे निघाले असते आणि बुरुजावर मंगल कार्यालय उभे राहिले असते. शहरातील निजामशाही वास्तूंची अवस्था पाहून कोणीही हे म्हणेल. लष्कराने सांभाळले याबद्दल त्याचे ऋण मानावे. पण राखणदाराला मालक म्हणता येत नाही. जवानाशी आपले भांडण कधीच नव्हते. २०२२ पासून ज्याला चार वर्षांच्या कंत्राटावर भरती करून चौघांतील तिघांना घरी पाठविण्याची योजना आखली गेली आहे, त्या तरुणाच्या बाजूने बोलायला तर आपल्याशिवाय फारसे कोणी उरलेले नाही.

दुसरा प्रतिवाद अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. तो म्हणतो, किल्ला पर्यटनासाठी खुला करा, प्रकाश आणि ध्वनीचा खेळ लावा, खंदकात नौका सोडा, रोजगार निर्माण होईल. २०१७ मध्ये 'वारसा दत्तक' योजना निघाली आणि २०१८ मध्ये दिल्लीचा लाल किल्ला पाच वर्षांसाठी २५ कोटी रुपयांच्या करारावर एका सिमेंट कंपनीच्या देखरेखीखाली गेला. ज्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, त्याला दत्तक बाप मिळाला! २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती निघाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ही आनंदाची गोष्ट. पण त्या आनंदामागोमाग किल्ल्यांच्या पायथ्याशी जमिनींचे व्यवहार कसे वाढतात याकडे कार्यकर्त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहावे. लष्कराच्या हातून निसटलेला भुईकोट ठेकेदाराच्या हाती पडणार असेल तर तो लष्कराकडेच राहिलेला बरा, असे मी स्पष्ट म्हणतो.

आपल्यातील काही तरुण मित्र म्हणतात, दगडधोंड्यांच्या प्रश्नात पक्षाने कशाला पडावे? महागाई आहे, बेकारी आहे. त्यांनी कोरेगावकडे पाहावे. भीमेच्या काठचा तो स्तंभ इंग्रजांनी आपल्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईची फुशारकी मिरविण्यासाठी उभारला. त्यावर पडलेल्या महार सैनिकांची नावे होती. त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. साम्राज्याला कृतज्ञता परवडत नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले आणि त्या दगडाचा अर्थच पालटला. कंपनीच्या जयस्तंभाचे लक्षावधी माणसांच्या स्वाभिमानाचे स्थान झाले, ते कोणत्याही खात्याच्या परवानगीने नव्हे. तो अर्थ किती जिवंत आहे हे १ जानेवारी २०१८ रोजी त्यावर झालेल्या हल्ल्यानेच सिद्ध केले. निर्जीव दगडावर कोणी हल्ला करीत नाही. बेकारी आणि महागाई यांच्याविरुद्ध लढणाऱ्या माणसाला आपण कोणाचे वंशज आहोत हे ठाऊक असावे लागते, एवढे आंबेडकरांना कळले होते. आमच्या पक्षाला हे अजून उमगायचे आहे.

म्हणून नगरच्या शाखेपुढे काही गोष्टी ठेवतो. किल्ल्याची देखभाल लष्कर, पुरातत्त्व खाते, नगरचे इतिहास अभ्यासक आणि भिंगारचे निवडून आलेले प्रतिनिधी यांच्या संयुक्त विश्वस्त मंडळाकडे द्यावी, अशी मागणी लेखी करावी. विद्यार्थ्यांना प्रवेश विनामूल्य असावा आणि कोणत्याही कंपनीशी दत्तकाचा करार होता कामा नये. बाराही स्थानबद्धांची नावे आणि त्यांनी तेथे केलेले काम मराठीत, हिंदीत आणि मौलानांच्या उर्दूत दारापाशी लावावे. बोअर आणि जर्मन कैद्यांची जी कागदपत्रे लष्कराकडे वा अभिलेखागारात असतील ती अभ्यासकांना खुली करावीत. भागोजी नाईकाची नोंद या जिल्ह्याच्या इतिहासात चिंचेच्या झाडाच्या आधी यावी. आणि या मागण्यांच्या जोडीला, त्यांच्या मागे नव्हे, भिंगारच्या ओल्ड ग्रँट घरांचा आणि रखडलेल्या निवडणुकांचा प्रश्न असावा, कारण किल्ल्याचा मालक ठरविणारा कायदा आणि त्या घरांचा मालक ठरविणारा कायदा एकाच मुशीतून निघाले आहेत.

येत्या ९ ऑगस्टची मिरवणूक शहरातून काढू नये. ती भिंगारच्या बाजारातून निघावी, सकाळी आठला, माळवदाच्या परवानगीसाठी खेटे घालणारी माणसे पुढे घेऊन. हार एकच पुरे. उरलेल्या पैशातून आचार्य नरेंद्र देवांच्या निवडक लेखांची मराठी पुस्तिका छापावी आणि ती किल्ल्यात सहलीला येणाऱ्या प्रत्येक शाळेच्या शिक्षकाच्या हाती द्यावी.